चढ दिसत नाही

टीव्ही लागला तो दुकानाच्या भिंतीवर,
जिथं चाळीस वर्षं रिमं टांगलेली असायची.
खिळ्यांची भोकं त्याच्यामागं लपली.
वल्लभ बोटीवर, पैसे त्यानं पाठवले,
म्हणाला, बाबा, आता नीट बघा, एचडी आहे.

नीट बघतो.
इथं बोरीत दिवेलागण होते
तेव्हा तिकडं युरोपात भर दुपार,
दीडशे माणसं पायडल मारत असतात.
पहिले दोन दिवस मी नुसत्या सायकलीच बघितल्या.
हिरव्या बनियनवाल्याची साखळी कोरडी.
एकाचा मागचा ब्रेक घासतोय, कुणी सांगत कसं नाही त्याला.
पाठीवरचा नंबर चार सेफ्टी पिनांनी लावलेला,
त्यातली एक पिन तिरकी.
घाम वाळून खांद्यावर मीठ फुललंय,
मिठागराच्या बांधावर फुलतं तसं.
एकाच्या ओठावर माशी बसली,
हात सोडायची सोय नाही, गिळली त्यानं.
हे सगळं दिसतं.

इनास आठला येतो, जावयाच्या स्कूटरवर मागं बसून.
गुडघे संपले त्याचे.
तीस वर्षं पुलापलीकडून, लोटलीहून,
भट्टीतनं टोपली भरून, वर निळं प्लास्टिक,
उंडे, पोळे, कांकणं,
पों पों करत हा बोरीचा चढ.
त्याच्या मागच्या चाकाच्या तारा मीच बदलायचो.
वजनानं तुटायच्या, दोन दोन, तीन तीन,
पैसे सणाला द्यायचा.

खुर्चीत टेकला आणि म्हणाला,
“चडाव खंय आसा? सगळें सपाटच.”

खरंच की.
बोलणारा सांगतो बारा टक्के चढण,
पडद्यावर रस्ता खाडीच्या पाण्यासारखा पसरलेला.
हेलिकॉप्टरमधून तर डोंगरसुद्धा
कुणीतरी तळहातानं दाबल्यासारखा.
माशीचे पंख दिसतात,
चढ दिसत नाही.

मग इनासनं मला बघायला शिकवलं.
रस्ता सोड, म्हणाला, घरं बघ.
दाराच्या एका अंगाला एक पायरी, दुसऱ्या अंगाला चार:
तेवढा चढ.
झाड सरळच वाढतं, रस्ता त्याला कुठं छेदतो ते बघ.
आणि खांदे.
खांदे डोलायला लागले की समज,
टोपलीत दोनशेच्या वर माल आहे.
एकानं अर्धी भरलेली बाटली फेकली.
“मेजता,” इनास म्हणाला. वजन मोजतोय.

पहिला आला. दोन्ही हात वर, फुलं, चुंबनं.
मग केसांच्या तेलाची जाहिरात.
“आनी फाटले? फाटले केन्ना पावतात?”
मागचे कधी पोचतात, मला काय ठाऊक.
एकदाच दाखवला होता शेवटचा,
मोजून दहा सेकंद:
तोंड उघडं, कोपराला रक्त, चुना फासल्यासारखी कातडी,
आणि मागं एक गाडी, चालत्या माणसाच्या वेगानं.
एवढ्या स्वच्छ काचेत
दहा सेकंद.

इनास जाहिरातीकडं बघत बोलला.
एकदा अर्ध्या चढावर साखळी तुटली होती.
मी दुकान उघडलं नव्हतं, माझ्या वडलांचं बारावं.
त्यानं सायकल ढकलत आणली,
प्रत्येक दारात उशीर.
तिसऱ्या घरच्या सत्यभामाबाईंनी
निवलेला चहा काही न बोलता परत चुलीवर ठेवला.
तेवढंच त्याच्या लक्षात राहिलंय.
मला तर तो दिवसच आठवत नाही.

रात्री वल्लभचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून.
त्याला म्हटलं, शोध रे, शेवटचा कितीला आला.
शोधलं त्यानं.
एकशे अडतिसावा. एक्केचाळीस मिनिटं मागं.
मुदतीच्या आत, थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर करून
इनासला पायरीवरच सांगितलं.
त्यानं मान हलवली, गुडघ्यावर हात ठेवून आत आला,
बसला, चष्मा पुसला.
“एकेचाळीस मिंटां. निवले आसतले.”
आणि थोड्या वेळानं, पडदा उजळल्यावर,
“पाव पावले न्ही, पुरो.”